बाटले नाही

यंदाही लामत्याच्या रस्त्याला लागल्यावर तोच वास आला. मोह पडायला लागला आहे. बायका झाडाखालचा पाचोळा जाळून जागा मोकळी करतात, म्हणजे पडलेलं फूल स्वच्छ जमिनीवर दिसावं, वेचता यावं. त्यामुळे त्या वासात धूरही मिसळलेला असतो. गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं नाकाला पदर लावला. मी खिडकी सरकेल तेवढी सरकवली.

हे दिवस आले की लोक म्हणे हळवे होतात. मला या दिवसांत पाठ ताठ करून चालावंसं वाटतं. ही खोड मला दोन वर्षांपूर्वी लागली, अशीच पानगळ संपून मोह पडायला लागला होता तेव्हा.

मी चव्वेचाळीस वर्षांची होते. बालाघाटात एका खासगी शाळेत गणित शिकवत होते, अजूनही शिकवते. लग्न झालेलं नाही. सिंचन विभागातून निवृत्त झालेल्या बाबांबरोबर राहते. आमचं घराणं भंडाऱ्याकडचं, पण आजोबांपासून इथल्या सरकारी नोकरीत मुरलेलं. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. त्या उन्हाळ्यात मी दृढीकरणाचा संस्कार घ्यायचं ठरवलं. कॅथलिक लोकांत बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीनं दुसरेच कोणी 'हो' म्हणतात. पुढे पोर समजत्या वयात आलं की तेच 'हो' त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं, आणि बिशप त्याच्या कपाळाला तेल लावतात. हे दृढीकरण. बारा-चौदाव्या वर्षी होतं ते. माझं राहून गेलं होतं. खरं म्हणजे राहू दिलं गेलं होतं.

कारण माझी आई ख्रिस्ती होती. मंडल्याकडची, गोंड घरातली. बिरशाच्या बाजूला जंगलात मिशनचा एक लहानसा दवाखाना होता, तिथे ती नर्स होती. बाबा तरुणपणी तलावाच्या सर्वेसाठी तिकडे गेले आणि मलेरियानं आडवे झाले. कडू गोळ्या ते उशीखाली लपवायचे, आणि आई त्या शोधून काढून, समोर उभी राहून गिळायला लावायची. त्यांचं लग्न झालं, मी झाले, आणि तिथल्याच लहानशा चर्चमध्ये माझा बाप्तिस्माही झाला. पुढे बदली होऊन आम्ही बालाघाटात घरी आलो. घरात आईचं नाव प्रमिला ठेवलं गेलं. ती कपाळाला कुंकू लावायची, महालक्ष्म्यांच्या वेळी पुरण वाटायची, आणि संध्याकाळी मागच्या अंगणात मोरीजवळ बसून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची. मी विचारलं की म्हणायची, "गिनती."

मी आठ वर्षांची असताना ती कावीळ होऊन गेली. तिला वैनगंगेच्या काठी अग्नी दिला. तिची दवाखान्यातली मैत्रीण तेरेसामावशी घाटावर लांब उभी होती एवढं मला आठवतं. मग काकूनं मला ओढून घेतलं. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तिनं माझ्या उवा काढल्या, माझ्या गणिताच्या बक्षिसांवर गल्लीत पेढे वाटले, मला गोवर आला तेव्हा कडुनिंबाचा पाला घेऊन बसून राहिली. तिच्याबद्दल पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नये. मीही विसरत नाही, आणि म्हणूनच राग जास्त येतो.

मला मोठं होताना कोणी ख्रिस्ती म्हणालं नाही. आईचा विषय निघालाच तर 'बिचारी लवकर गेली' एवढ्यावर संपायचा. पण मी लग्नाची झाले आणि सगळ्यांना अचानक आठवलं. गोंदियाचे लोक पाहून गेले, तिरोड्याचे गेले, एक तुमसरचा इंजिनिअर होता, त्याच्या आईला मी फार आवडले होते. नंतर मध्यस्थाचा निरोप यायचा. पोरगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण आई ख्रिस्ताव होती ना, आणि ती पण आदिवासी. काकू स्वयंपाकघरात भांडी आपटायची. बाबा पेपर वाचत बसायचे. हळूहळू पाहुणे यायचे थांबले, आणि मलाही त्याचं फार वाईट वाटलं नाही. पण गणित शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात हिशेब राहतोच. पुढे मी दृढीकरणाचं बोलले तेव्हा हेच सगळे लोक म्हणाले, अगं, तू तर आपली, हिंदू घरातली. लग्नाच्या बाजारात मी ख्रिस्ती होते आणि चर्चच्या दारात हिंदू झाले. दोन्ही वेळा उत्तर त्यांनीच काढलं.

सुरुवात कशी झाली ते सांगायला हवं. एका रविवारी सकाळी मी स्कूटीवरून भाजी घेऊन येत होते. चर्चच्या फाटकासमोर काही माणसं उभी राहून घोषणा देत होती. आत धर्मांतर चाललंय म्हणे. पोलिसांची जीप एका बाजूला उभी होती. आतून गाण्याचा आवाज येत होता, आणि बाहेरचा आवाज वाढला की आतला थोडा बारीक व्हायचा. मी गाडी थांबवली. आई गेल्यापासून त्या आवारात मी पाऊल टाकलं नव्हतं. गर्दीत माझा एक जुना विद्यार्थी होता, राकेश. दहावीत भूमितीत रडवलं होतं त्यानं मला. तो घाईघाईनं जवळ आला.

"मॅडम, इधर मत रुकिए. आप निकल जाइए."

"मी आत चालले आहे," मी हिंदीत म्हणाले.

"आप?" तो म्हणाला.

त्या 'आप'मध्ये काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मला धमकी चालली असती. पण तो मनापासून चकित झाला होता, जणू मी मुलांच्या स्वच्छतागृहात शिरते आहे. मी मेथीची जुडी हॅंडलला तशीच लटकत ठेवली आणि आत गेले. शेवटच्या बाकावर बसले. कोणतं गाणं चाललंय, कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, काही माहीत नव्हतं. पण मधेच सगळे मिळून एक प्रार्थना म्हणायला लागले आणि माझे ओठ आपोआप हलले. पुढचा शब्द माझ्या तोंडात आधी येत होता आणि त्यांच्या नंतर. मोरीजवळची 'गिनती' होती ती.

पुढच्या आठवड्यात मी फादरांना भेटले. तरुण माणूस, माझ्याहून बराच लहान, केसांत भरपूर तेल आणि पायात रबरी चपला. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, मला दृढीकरण घ्यायचं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपको किसी को कुछ दिखाना है क्या?"

"हो," मी म्हणाले. "थोडं दाखवायचं आहे."

ते हसले. म्हणाले, रागाचं मला वावडं नाही, संतांतही रागीट लोक पुष्कळ होऊन गेले. पण फक्त राग असेल तर एक-दोन पावसाळे टिकेल, मग तुम्ही थकाल. हा चालीसा इथे येऊन बसा, मग बघू.

इथले कॅथलिक लोक ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांना चालीसा म्हणतात. शाळेत मी डब्यात मटण आणलं नाही तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, काय हो मॅडम, काही व्रत का? मी म्हटलं, चालीसा आहे. त्या खूश झाल्या, हनुमान चालिसा समजल्या. नंतर त्यांना कळलं. तेव्हापासून आमचं एकमेकींच्या डब्यात हात घालणं बंद झालं. म्हणजे त्यांचं बंद झालं. मी माझा डबा रोज पूर्वीसारखाच मधोमध ठेवत राहिले, झाकण उघडून.

फादरांना माझ्या बाप्तिस्म्याची खात्री हवी होती. बिरशाकडचा तो दवाखाना केव्हाच बंद झाला होता आणि तिथलं जुनं काही हाती लागत नव्हतं. साक्षीदार असेल तर चालेल, ते म्हणाले. तेव्हा मी लामत्याला गेले. तेरेसामावशी निवृत्त होऊन तिथे भाचीकडे राहत होती. हाच रस्ता, हाच वास. घर विचारत विचारत गेले. अंगणात मोह वाळत घातला होता आणि त्याच्या कडेला खुर्चीत एक वाळकी, लहानखुरी म्हातारी काठीनं बकऱ्या हाकत बसली होती. मी नाव सांगितलं. तिनं काठी खाली ठेवली.

"बहुत देर लगाई," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "तुह्या बाप्तिस्म्यात तुले म्या धरलं होतं. तू माह्या साडीवर मुतली होती. आन् कोन साक्षीदार पाहिजे तुमच्या फादरले?"

बाळाला जी हातात घेऊन उभी राहते ती त्याची धर्ममाता. बाळाच्या वतीनं 'हो' तिनं म्हणायचं असतं. मला हे माहीतच नव्हतं. मी तिला विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही कधी आला का नाहीत? ती म्हणाली की आई गेल्यानंतर ती आली होती, एकदा नाही, पुष्कळदा. फाटकातून परत पाठवलं गेलं. "तुही काकू चांगली बाई होती," ती म्हणाली. "मले पानी देत होती प्यायले. बाहेर. आन् सांगे, पोरगी रुळून राह्यली, आता तिले हलवू नका."

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी मी लामत्याला जात असे. ती मला प्रार्थना शिकवायची आणि मधूनच आईच्या गोष्टी सांगायची. आई झाडावर चढायची. आईला तंबाखूचा वास सहन होत नसे. आई बाबांना चोरून उकडलेली अंडी नेऊन द्यायची, कारण त्यांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला सोवळा महाराज होता. बाबांनी मला यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. मी परत येताना बसमध्ये या गोष्टी चघळत यायचे, आणि घरी आल्यावर बाबांकडे बघायचे. ते टीव्हीसमोर बसलेले असायचे.

काकूला बातमी कुठून कळली ठाऊक नाही. ती एका सकाळी आली, चपला दाराबाहेर काढल्या आणि बसलीच नाही.

"बाटली म्हने तू," ती म्हणाली.

"नाई काकू. बाटायले आधी दुसरं काही असावं लागते. माहा बाप्तिस्मा मी चाळीस दिवसांची होती तवाच झाला. मी आता फक्त हो म्हनून राह्यली."

"कोनं भरवलं तुह्या मनात हे? त्या नर्सनं?"

"तिले तं तुम्ही पानी पाजून परत पाठवत होता."

काकूचा चेहरा बदलला. मला वाटलं ती ओरडेल. ती खाली बसली, पंख्याच्या खाली, आणि पदरानं तोंड पुसलं. "मी तुले वाढवलं," ती म्हणाली. "माह्या पोटच्यापेक्षा तुले जास्त देलं. काहून करून राह्यली असं? लोक मले विचारतात, तुमच्या घरचं वळण का असं?"

मी म्हटलं, "वळण तुमचंच आहे. तुम्हीच शिकवलं ना, कोनाले भ्यायचं नाई."

ती उठून गेली. मी दाराशी उभी होते. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही हे खरं, पण मी तिच्या मागे धावलेही नाही. ज्यांच्यावर आपलं प्रेम असतं त्यांचं सगळं ऐकलंच पाहिजे हा नियम कोणी केला, याचा मी त्या दिवसांत फार विचार करत असे. बहुतेक ऐकवणाऱ्यांनीच केला असावा.

एप्रिल गेला, मोह संपला, जंगलात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली. मेच्या शेवटी बिशप येणार होते. फादर म्हणाले, दृढीकरणात एका संताचं नाव घ्यायची रीत आहे, सक्ती नाही. तुम्हाला घ्यायचं असेल तर सांगा. मी तिथल्या तिथे सांगितलं. फिलोमिना.

घरी येऊन बाबांना सांगितलं. आमचं जेवण चाललं होतं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"फिलू म्हनत होतो मी तिले," ते म्हणाले.

हे नाव आमच्या घरात, या भिंतींच्या आत, पहिल्यांदा उच्चारलं गेलं. प्रमिला हे नाव आजीनं शोधलं होतं, फिलोमिनातले म आणि ल जमवून, जवळपास बसेल असं. बाबा पुढे म्हणाले, "तिले मातीत ठेवा म्हनून तिनं मले सांगतलं होतं. दवाखान्यात. मी हौ म्हटलं. मंग सगळे जमले, तुही आजी रडाले लागली, आन् मी काही बोललोच नाई." ते ताटाकडे बघत होते. माफी माझ्याकडे मागून उपयोग नव्हता, आणि ते मागतही नव्हते. मी त्यांना वरण वाढलं. त्यांनी जेवण पूर्ण केलं, ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवलं. ते कधी ठेवत नाहीत.

संस्काराच्या आदल्या आठवड्यात दुपारी दोन माणसं घरी आली. एक पन्नाशीचे, गळ्यात उपरणं, अतिशय नम्र. दुसरा राकेश. मी पाणी दिलं. उपरणेवाल्यांनी आधी बाबांची तब्येत विचारली, मग म्हणाले की आम्ही भांडायला आलो नाही, काळजीनं आलो आहोत. एकट्या बाईला कोणी फूस लावत असेल तर समाजाचं कर्तव्य आहे. आणि कलेक्टरसाहेबांना कळवल्याशिवाय असं धर्म बदलणं कायद्यात बसत नाही.

हे मी आधीच एका ओळखीच्या वकिलाला विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, मॅडम, बाप्तिस्मा जुना आहे, तेव्हा माझ्या मते तुम्ही काही बदलतच नाही. पण लोकांचं मत काय असेल ते मी सांगू शकत नाही. आता लोकांचं मत समोर बसलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात बाबा खुर्चीचा हात धरून उठले. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना उठायला वेळ लागतो. ते पूर्ण उभे होईपर्यंत सगळे थांबले.

"किसने फुसलाया, ये पूछना है ना?" बाबा म्हणाले. "मैंने. लिखो मेरा नाम. चाळीस दिवसांची पोरगी बायकोच्या मांडीवर देऊन, दोघींले सायकलवर मागं बसवून, म्याच नेलतं चर्चमध्ये. माह्या मर्जीनं. मंग मीच भ्यायलो आन् पोरीचं राहू देलं. आता ती पुरं करून राह्यली. काही गुन्हा असन तं तो माहा आहे. चला, कुठं न्यायचं ते मले न्या."

उपरणेवाले म्हणाले, "बाबूजी, आप तो बुरा मान गए."

"हौ," बाबा म्हणाले. "मानलं."

ते गेले. राकेशनं जाताना माझ्याकडे पाहिलं नाही, पण पाण्याचा रिकामा पेला आत नेऊन ओट्यावर ठेवला. मी बाबांना बसवलं तर म्हणाले, "पंखा कर." पंखा चालूच होता.

पेन्तेकोस्तचा रविवार, पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांनी आकाशातून उतरल्याचा सण. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागलेला; सकाळी आठलाच डांबर मऊ. चर्च लाल पताकांनी सजवलं होतं, बिशपांचा झगाही लाल. दृढीकरणाच्या रांगेत सगळी बारा-तेरा-चौदा वर्षांची पोरं, पांढऱ्या कपड्यांत, आणि त्यांच्यात मी, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, आईची जुनी पांढरी साडी नेसून. दोन मुली माझ्याच वर्गातल्या. एकीनं हळूच विचारलं, "मॅम, आप भी?"

"मीसुद्धा," मी म्हटलं. "सरळ उभी राहा."

बाहेर फाटकाशी या वेळीही चार-सहा जण होते, घोषणा नव्हत्या, नुसते बघत होते. मी त्यांच्यासमोरून तेरेसामावशीचा हात धरून आत आले होते, मुद्दाम सावकाश. तिची चालच तेवढी होती म्हणा, पण मला घाई असती तरी मी तशीच आले असते. बाबा मागच्या बाकावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळे गुडघे टेकत तेव्हा ते उभे राहत, आणि सगळे उभे राहत तेव्हा ते बसत. कोणी त्यांना काही सांगितलं नाही.

बिशपांनी प्रश्न विचारले. अमुक अमुक मानता का? पोरं पुटपुटत उत्तर देत होती, घरून पाठ केलेलं. मी वर्गात बोलते त्या आवाजात उत्तर दिलं. बिशपांनी मान वर करून पाहिलं. दुसऱ्या प्रश्नाला पोरांचाही आवाज वाढला. तिसऱ्याला खिडकीच्या काचा वाजाव्यात एवढा झाला असेल.

मग एकेक जण पुढे. धर्ममातेनं आपला उजवा हात खांद्यावर ठेवायचा असतो. तेरेसामावशीचा हात माझ्या खांद्यापर्यंत पोचेना. मी गुडघ्यात वाकले. तो हात इतका हलका होता, आणि तरी मला वाटलं की त्या हाताखालून मी हलू शकणार नाही. बिशपांनी अंगठा तेलात बुडवला, माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि नाव घेतलं. फिलोमिना. माइकवर घेतलं ते, छतावरच्या भोंग्यातून आवारभर गेलं, फाटकाबाहेर रस्त्यावरही गेलं असणार. मी आमेन म्हणाले.

आकाशातून काही उतरलं नाही. तेल कोमट होतं आणि त्याला चंदनासारखा, पण चंदन नाही असा वास होता. ते भुवईपर्यंत ओघळलं. राग गेला का? नाही गेला. पण फादरांनी पहिल्या दिवशी जो प्रश्न विचारला होता त्याला त्या क्षणी मी वेगळं उत्तर दिलं असतं. दाखवायचं कोणाला, हे मला त्या मिनिटापुरतं तरी आठवत नव्हतं. मी आईला दिलेल्या शब्दासारखं काहीतरी पाळत होते, जो मी कधी दिलाच नव्हता, माझ्या वतीनं एका नर्सनं दिला होता. ते 'हो' आता माझं होतं. बाकावर परत आले तर मावशी म्हणाली, "अब मैं मर सकती हूँ." मी म्हटलं, इतक्यात नको. तिनं ऐकलं आहे. आज मी तिच्याकडेच चालले आहे.

जूनमध्ये सुधीर घरी आला. सुधीर काकूचा मुलगा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माझ्या कडेवर वाढलेला. त्याला मुलगा झाला होता, बारसं होतं. त्यानं बाबांना बोलावलं.

"आन् निर्मला?" बाबांनी माझ्याकडे मान करून विचारलं.

सुधीर चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याच्या पहिल्या मुलीच्या बारशात नाव मी ठेवलं होतं. त्याला सख्खी बहीण नाही, आत्या मीच. या वेळी लांजीहून कोणी लांबची चुलत बहीण बोलावली होती.

मी गेले. निमंत्रण नसताना कोणाच्या घरी जाऊ नये असं मला काकूनंच शिकवलं होतं, पण ते माझं घर होतं. बाबांच्या मागोमाग मी दारातून आत शिरले, हातात मी शिवलेलं झबलं होतं. बायकांचा गलका थांबला. पाळणा मधे होता, झेंडूच्या माळा लावलेला. लांजीची ती पोरगी पाळण्याजवळ उभी होती आणि तिला कुठं बघावं ते कळत नव्हतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात, हातात घुगऱ्यांची परात.

"तू राहू दे," काकू म्हणाली. "बस तिकडे. आता तुले कसं चालन हे?"

"मले चालते, काकू."

"पाळण्याले हात नको लावू."

"बिशपानं कपाळाले तेल लावलं," मी म्हटलं. "नातं नाई पुसलं. या पोराची आत्या मी आहे. ती कोनाच्या मर्जीनं नाई झाली आन् कोनाच्या मर्जीनं जानार नाई."

सुधीरची बायको प्रीती पाळण्यापलीकडे बसली होती, ओली बाळंतीण, चेहरा पांढरा पडलेला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं सासूकडे पाहिलं नाही. बाळाच्या डोक्यावरचं टोपडं कानावरून बाजूला केलं आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "आरव."

मी पाळण्यावर वाकले. बाळाच्या अंगाला धुरीचा आणि तेलाचा वास होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि त्याचं नाव त्याला सांगितलं.

नाव ठेवलं की बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. मी वाकलेलीच होते. कोणाचा हात उठेना. मागून बांगड्यांचा आवाज नाही, हसणं नाही, काही नाही. मी सरळ होत नव्हते. ठरवलं होतं, ही रीत पुरी झाल्याशिवाय मी सरळ होणार नाही, संध्याकाळपर्यंत वाकून राहावं लागलं तरी. बाळ माझ्याकडे बघत होतं. मागे परात जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं. आणि मग माझ्या पाठीत एक धपाटा बसला, एवढ्या जोराचा की माझा श्वास अडकला आणि पाळण्याची कडी वाजली. मी न बघताही ओळखलं असतं, काकूचा हात होता तो.